मीटर कोणता घेऊ, मंजुषा?

मुकुंदवाडी
१२ जून २०२४

मंजुषा,

'चि. सौ.' लिहायला गेले आणि पेन थांबला. काडीमोड झाल्यावर सौ. आता लिहिता येत नाही. नुसतं चि. लिहावं, तर तेवढा हक्क सासूकडं राहतो का, ते कुणाला विचारावं कळेना. म्हणून नाव तेवढं लिहिलं. वाईट वाटून घेऊ नको.

तुझा नवा नंबर माझ्याकडं नाही आणि मी कुणाला मागितलाही नाही. वैजापूरचा पत्ता लग्नपत्रिकेवर होता, तो पाठ आहे. तुझ्या वडलांनी, म्हणजे काकासाहेबांनी, हे पाकीट तुझ्यापर्यंत पोचवलं तर उपकार. फाडून टाकलं तरी माझी तक्रार नाही.

काम असं आहे की मला व्होल्ट-करंट मोजायचा मल्टिमीटर घ्यायचाय. हसू नको. तू जेवणाच्या टेबलावर बसवून शिसं वितळवून तारा जोडायचं सोल्डरिंग शिकवलंस, ते मी सोडलेलं नाही. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, त्यामुळं हात अजून थरथरत नाही. चष्मा तेवढा बदलला. सध्या नळाला पाणी आल्याचा बजर करते. आपल्याकडं पाणी आठव्या दिवशी, कधी नवव्या, आणि वेळेचा पत्ता नाही, हे तुला सांगायला नको. नळाच्या पाइपात दोन तारा सोडायच्या, पाणी शिवलं की बजर वाजतो. पहिला माझ्याकडं लावला, दुसरा शेजारच्या सगीराकडं. सगीराचा वाजला तेव्हा ती ओल्या हातानं माझ्याकडं पळत आली आणि मला धरून नाचली. आता गल्लीत सहा घरांना पाहिजे.

पैठण गेटला कय्युमभाईंचं सुट्या भागांचं दुकान आहे, तिथं तू मला एकदा नेलं होतंस. त्यांनी तीन मीटर पुढं ठेवले. एक पिवळा, लहान. एक जाडजूड, रबराचं कव्हर घातलेला. तिसऱ्याचे आकडे म्हणे मोबाइलवर दिसतात. कय्युमभाई म्हणाले, तिसराच घ्या. ते म्हणतात म्हणून घ्यावा का? आजवर मीटरवाचून अंदाजानंच काम चालवलं, पण आता दुसऱ्यांच्या घरी बसवायचे म्हटल्यावर अंदाज बरा नाही.

माझा शिवम बरा आहे. शेंद्र्यातच आहे, कंपनी बदलली. त्याच्याबद्दल एवढंच.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आशाबाई


मुकुंदवाडी
३ जुलै २०२४

मंजुषा,

तुझं कार्ड आलं. पोस्टाचा शिक्का नाशिकचा आहे, म्हणजे नोकरी तिकडं लागली असं मी धरून चालते. पोस्टमननं ते दाराच्या फटीतून टाकलं, तेव्हा मी भाकरी थापत होते. हात न धुता उचललं, त्यामुळं त्यावर पिठाचा अंगठा उमटलाय. एकच ओळ होती, 'कशासाठी हवा? तुम्ही काय काय मोजणार?' पण एकच ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

'तुम्ही' लिहिलंस. लग्नानंतर पहिला महिनाभर तू मला 'तुम्ही' म्हणायचीस आणि मी रागवायचे. ठीक आहे. आता रागवणार नाही.

तर मी काय मोजते ते लिहिते. बॅटरी उतरलीय का ते बघायचं, नऊ व्होल्ट आणि बारा व्होल्ट. जोड नीट बसलाय की वरवर चिकटलाय ते बघायचं, म्हणजे बीप वाजायला पाहिजे. जुन्या रेडिओतले रेझिस्टर काढते, त्यांच्यावरचे, किंमत सांगणारे रंगांचे पट्टे मला आता नीट दिसत नाहीत, तपकिरी आणि लाल सारखेच वाटतात, म्हणून ते मोजायचे. बजर किती करंट खातो ते बघायचं, कारण बॅटरी दोन महिने तरी टिकली पाहिजे. आणि पाणी. नळाच्या पाण्यात तारा बोटभर अंतरावर धरल्या तर वीस हजार ओहम दाखवतो आणि टँकरच्या पाण्यात त्याच्या निम्मं. टँकरचं पाणी बोअरचं, त्यात क्षार जास्त म्हणून असेल. सगीराकडं टँकरचं पाणी पाइपात राहिलं की तिचा बजर उगाच कुईकुई करतो, त्याचं कारण मला यातून सापडलं.

घरातल्या लाइटीच्या बोर्डाला मी हात लावत नाही. तू बजावलं होतंस.

पाऊस बरा आहे. तुझी तब्येत सांभाळ. मनगट थंडीत दुखतं का?

आशाबाई


मुकुंदवाडी
३० जुलै २०२४

मंजुषा,

'मीटर नाही म्हणता. मग हे वीस हजार कुणी दाखवले?'

तुझं दुसरं कार्ड वाचून मी आधी हसले आणि मग मला घाम फुटला. शाळेत असताना खोटं बोलले की मला असंच व्हायचं. मी खोटं लिहिलं होतं. माझ्याकडं मीटर आहे. तो तुझा आहे.

तुझे वडील आणि चुलते टेम्पो घेऊन तुझं सामान न्यायला आले, त्या दिवशी त्यांच्या हातात यादी होती. कपाट, मिक्सर, भांडी, तुझ्या साड्या, पुस्तकं. यादीत मीटरही होता. शिवम म्हणाला, तो कधीच हरवला. त्याला तसं खरंच वाटत होतं. मी आदल्या दिवशी तो शिलाई मशीनच्या खालच्या खणात, अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. काकासाहेब दोनदा म्हणाले, बघा जरा, पोरीनं पहिल्या पगारातून घेतलाय. मी बघितल्यासारखं केलं आणि हात हलवला.

तू परत येशील म्हणून ठेवला असं लिहिलं तर गोड वाटेल. ते निम्मं खरं आहे. निम्मं असं, की मला तो सोडवेना. माझं लग्न झाल्यापासून या घरात मला नवीन काही शिकवणारी तू पहिली. तू चाललीस, टेबल रिकामं झालं, आणि तो तेवढा हातात राहिला.

आता त्याहून वाईट सांगते. मे महिन्यात मी त्याचा फ्यूज उडवला. बजरचा करंट मोजायला लाल वायर दुसऱ्या भोकात घातली होती, ती तशीच विसरले आणि बारा व्होल्टच्या अडॅप्टरचे व्होल्ट बघायला गेले. धूर नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी करंट मोजायला गेले तर आकडाच हलेना. कय्युमभाईंनी काचेचा फ्यूज दिला, तो घातलाय आणि आता चालतो. पण तुझी वस्तू माझ्या हातून बिघडली, तेव्हापासून ती वापरायला धीर होत नाही. त्यासाठी माझा वेगळा घ्यायचाय.

तू सांगशील त्या पत्त्यावर मीटर पाठवते. त्याच अस्तरात गुंडाळून.

अजून एक गोष्ट आहे, जी मी मीटरपेक्षा जास्त दडवली. ती आज लिहवत नाही.

आशाबाई


मुकुंदवाडी
२२ सप्टेंबर २०२४

मंजुषा,

दोन पानी पत्र आलं. पहिल्या ओळीत तू काहीतरी लिहून खोडलंयस. मी कागद उजेडाला धरला. 'आई' होतं. खोडलंस तरी ते माझ्यापर्यंत पोचलं, एवढंच सांगते.

मीटर पाठवू नका, तुमच्याकडंच ठेवा, असं लिहिलंस, ते वाचून बराच वेळ मी काही काम केलं नाही. आणि काचेच्या फ्यूजवरून जे रागावलीस ते फार बरं वाटलं. माझ्यावर गेल्या दीड वर्षात हक्कानं कुणी रागावलं नव्हतं. आत चिनी मातीचा, सिरॅमिकचाच फ्यूज पाहिजे, काचेचा मोठ्या झटक्याला फुटून हातावर येतो, तो घातलेला असेपर्यंत मीटर बॅटरीपलीकडं कशाला लावायचा नाही, हे मी भिंतीवर लिहून चिकटवलंय.

तुझं पत्र पर्समध्ये घालून सगीराला घेऊन पैठण गेटला गेले. कय्युमभाईंनी पुन्हा मोबाइलवाला पुढं केला. "आपा, इसमें सब आता," म्हणाले. मी म्हटलं, माझं सगळं नाही, माझं पाचच गोष्टींचं काम आहे, आणि तू पत्रात ओळीनं मांडलेली माझी पाच कामं वाचून दाखवली. मोबाइलवर आकडे दिसून मला काय करायचंय, मोबाइल शोधण्यातच माझा अर्धा दिवस जातो.

मग मी माझी परीक्षा घेतली. बीपचं बटण लावून दोन टोकं एकमेकांवर नुसती घासली. पिवळा मीटर विचार करून वाजतो. टोकं सुटली तरी त्याला पत्ता नसतो. मशीनवर सुई मोडली तर आवाजावरून मला मागच्या खोलीत कळतं, मग असा उशिरा वाजणारा मीटर काय कामाचा? रबरवाला टोकं भिडल्या भिडल्या वाजला. त्याच्या वायरी हातात घेऊन वळवून बघितल्या, चांगल्या इलॅस्टिकसारख्या मऊ आहेत, पिवळ्याच्या ताठ आहेत आणि सोडल्या की मीटरच टेबलावरून ओढतात. आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसले. शेवटी मी कय्युमभाईंना म्हटलं, मागचं झाकण उघडा, फ्यूज बघायचाय. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. म्हणाले, "इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं फ्यूज बघायला मागितला नाय. कुणी शिकवलं आपा?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेनं."

तोंडातून गेलं. सगीरानं माझ्याकडं बघितलं. आत पांढरा सिरॅमिकचा फ्यूज होता. तो मीटर मी घेतला.

आता ती दुसरी गोष्ट. घरी आल्यावर नव्या मीटरचं खोकंही न उघडता लिहायला बसले, नाहीतर पुन्हा टाळलं असतं.

त्या रविवारी सकाळी तू ओव्हरटाइमला निघाली होतीस. शिवमची नोकरी सुटून चार महिने झाले होते. तो म्हणाला जायचं नाही, तू म्हणालीस जावं लागेल. त्यानं तुझा हात पिरगळला, तोंडावर मारलं आणि तू ओट्याच्या कडेवर पडलीस. डॉक्टरला आपण सांगितलं पाय घसरला. पुढं बैठक झाली, दोन्हीकडची माणसं आपल्या खोलीत बसली होती, आणि तुझ्या चुलत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आशाबाई, तुम्ही घरातच होता. तुम्ही काय बघितलं?"

मी म्हणाले, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

मी गच्चीवर नव्हते, मंजुषा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. बादली माझ्या हातात होती. मी सगळं बघितलं, आणि तू पडताना माझ्याकडं बघितलंस तेही बघितलं. तुला हे माहीत आहे. बैठकीत तू एकदाच मान वर केलीस, ती माझ्या त्या वाक्याला. मग सगळे म्हणाले, पोरगी वाढवून सांगते.

पोराचं नाव जाईल म्हणून मी तसं बोलले. हे कारण आहे, माफीसाठी ते पुरत नाही. तू आता पत्र लिहिणं बंद केलंस तर मला समजेल.

आशाबाई


मुकुंदवाडी
८ डिसेंबर २०२४

मंजुषा,

अडीच महिन्यांत तुझं पत्र नाही. मी म्हटलं होतं समजेल, आणि समजतं. तरी हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते. उत्तराची अपेक्षा नाही.

दिवाळीनंतर शिवमचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. मुलगी प्रेरणा, बदनापूरकडची, डी.एड. झालेली, शांत. तिचं हे पहिलंच लग्न. बघणं झालं, पसंती झाली. गेल्या रविवारी तिची आई आणि ती दोघीच घर बघायला आल्या. शिवम कामावर होता. मी चहा केला. प्रेरणानं टेबलावरचे बजर बघितले आणि हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला एक वाजवून दाखवला. तिनं तो हातात घेऊन उलटा करून बघितला. सगळे वरून बघतात. उलटा करून आतलं बघणारी मला आजवर तूच माहीत होती.

तिच्या आईनं कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "ताई, पहिली का गेली? लोक म्हणतात तिचं डोकं गरम होतं."

आमच्या शिवमनं त्यांना तसंच सांगितलं होतं. मी नुसती हूं म्हणाले असते तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "तिचं डोकं गरम नव्हतं. माझ्या पोरानं तिला मारलं, तिचं मनगट मोडलं. मी तिथंच उभी होते आणि बैठकीत खोटं बोलले."

पोरगी हातातल्या बजरकडं बघत राहिली. तिच्या आईनं विचारलं, तो आता सुधारलाय का? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यानं कबूलच केलेलं नाही, तर सुधारला कसं म्हणू. त्या उठल्या. जाताना तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि त्या दोघी पायऱ्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी नकार आला.

शिवमला कळलं तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, सख्खी आई असं करते का? मी म्हटलं, आधी करायला पाहिजे होतं. त्याला वाटलं मी नमेन. मी शेगडीकडं वळले आणि तवा ठेवला. त्यानं बॅग भरली. आता शेंद्र्याला मित्राच्या खोलीवर राहतो. माझा फोन उचलत नाही. सगीरा रोज संध्याकाळी येऊन बसते. मी एकटी आहे असं वाटून घेऊ नको. जेवते, कामं आहेत, बजर चौदा घरांत लागले.

रडू येतं. पोटचा आहे. पण त्या दिवशी प्रेरणाच्या आईला हूं म्हटलं असतं तर जे वाटलं असतं, त्यापेक्षा हे बरं.

आशाबाई


मुकुंदवाडी
२ मार्च २०२५

चि. मंजुषा,

तू परवा निघताना म्हणालीस की पोचल्यावर फोन करते, आणि केलास. आता नंबर आहे, तरी हे लिहूनच सांगते, कारण फोनवर तुला लगेच बोलावं लागेल आणि मला ते नको आहे.

आधी तुझ्या येण्याबद्दल. वैजापूरला लग्नाला आले होते, मध्ये दोन तास आहेत, म्हणून आले, असं तू दारात उभं राहून सांगितलंस. वैजापूरहून मुकुंदवाडी वाटेत लागत नाही, पोरी. नाशिक उलट्या दिशेला आहे. मी दार पूर्ण उघडलं. तू आत आलीस, टेबलापाशी बसलीस, आणि पर्समधून सिरॅमिकचा फ्यूज काढून तुझ्या जुन्या मीटरमध्ये घातलास. मग बजरच्या तारा बघून म्हणालीस, तांब्याच्या का घातल्या, महिन्यात हिरव्या होतात, स्टीलच्या घाला. त्या मी काल बदलायला घेतल्या. तीन घरं झाली.

तू जे बोललीस ते मला सारखं आठवतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा तू मला थांबवलंस. म्हणालीस, "आई, तुम्ही तेव्हा खरं बोलला असता तरी मी थांबले नसते. पण एकटी गेले नसते."

माफ केलं असं तू म्हणाली नाहीस. ते बरं झालं. घाईनं म्हटलं असतंस तर माझा विश्वास बसला नसता. पिठलं-भाकरी मात्र दोनदा घेतलीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी शिवम आला. तीन महिन्यांनी. स्वेटर आणि काही कागद न्यायचे होते. टेबलावर तुझा मीटर उघड्यावर होता. त्यानं तो ओळखला. विचारलं, हा कुठून आला? मी सांगितलं, इथंच होता, मी लपवला होता. मग म्हणाला, ती आली होती का? मी म्हटलं, आली होती.

तो स्टुलावर बसला. मग खाली बघत म्हणाला, "तू त्या बाईंना खोटं नाय सांगितलं. मी मारलं होतं."

हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं, मंजुषा. माझ्यापुढं, बंद दाराआड का होईना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. चहा ठेवला.

मग त्यानं तुझा पत्ता मागितला. म्हणाला, तिला हेच लिहायचंय, बाकी काही नाही. मी म्हटलं, पत्ता देणार नाही. नंबरही देणार नाही. तो म्हणाला, मग मी पत्र तुझ्याकडं देतो, तू पाठव. मी म्हटलं, तेही आधी तिला विचारल्याशिवाय नाही. मला वाटलं उठून जाईल. गेला नाही. म्हणाला, विचार.

म्हणून विचारते. त्याचं पत्र तुझ्यापर्यंत यावं असं तुला वाटतं का? त्याची आई म्हणून मी तुला काही सुचवणार नाही, आणि तुझ्या मनाचा अंदाजही बांधणार नाही. नको असेल तर 'नको' एवढंच लिही. कारण लिहायची गरज नाही. मी त्याला तुझा शब्द जसाच्या तसा सांगीन, आणि हा विषय आपल्या दोघींत पुन्हा काढणार नाही.

तुझं 'नको' आलं तरी पुढच्या महिन्यात मी नाशिकला येते आहे. सगीरानं सोबत यायचं कबूल केलंय, तिला रामकुंड बघायचंय. तुझ्या खोलीत दोघींना झोपायला जागा आहे का, ते तेवढं कळव. नसली तर आम्ही हॉलमध्ये चटई टाकू.

तुझी,
आई